सीएनसीच्या ब्रेकआउट बोर्डचा (कॉम्प्युटरचे सिग्नल मशीनला पोचवणाऱ्या बोर्डचा) रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, नुसता टिकटिकतोय?
कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीत सीएनसी राउटर (कॉम्प्युटरने चालणारं कोरीवकामाचं मशीन) स्वतः जुळवणाऱ्यांनी आधी सप्लाय तपासावा. ५ व्होल्टच्या नेहमीच्या निळ्या रिलेची कॉइल साधारण ७० मिलिअँपिअर खाते. कॉम्प्युटरच्या पॅरलल पोर्टच्या पिनचं ते कामच नव्हे. पिनने फक्त ट्रान्झिस्टरला इशारा द्यायचा. कॉइलला वेगळा सप्लाय द्या, बोर्डवर छापलेलं व्होल्टेज बघूनच.

रिलेवर १० अँपिअर लिहिलंय म्हणून स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) थेट जोडायचा मोह होतो. नको! सुरू होताना मोटर कैकपट करंट ओढते, काँटॅक्ट चिकटतात. रिलेच्या कॉमन आणि एनओ (एरवी उघडा राहणारा काँटॅक्ट) या टोकांमधून फक्त काँटॅक्टरची (मोठा करंट झेलणाऱ्या दणकट रिलेची) कॉइल चालवा. कॉइल डीसी असेल तर तिच्यावर उलटा डायोड, एसी असेल तर स्नबर (रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी). आणि इमर्जन्सी स्टॉप सॉफ्टवेअरच्या भरवशावर न सोडता काँटॅक्टरच्या कॉइलच्या वायरीत सिरीजमध्ये घाला.