खेळासाठी वर्ग मांडताना आधी टाळी वाजवून पाहावी

पहिली-दुसरीचे वर्ग खेळातून शिकण्यासाठी नव्याने मांडायचे ठरले, की बहुतेक शाळा खेळण्यांच्या यादीपासून सुरुवात करतात. आमच्या बडोद्यातल्या मराठी शाळेतही तेच झाले होते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बाके काढली, कोपरे सजवले, रंग दिला, आणि शाळा उघडल्यावर तिसऱ्या आठवड्यात तीच बाके स्वतःच्या हातांनी परत आत आणून मांडली. त्या फजितीनंतर केलेली ही यादी आहे. तिच्यात एका गोष्टीचा उल्लेख पुनःपुन्हा येईल. तो कंटाळवाणा वाटला तरी वगळून पुढे जाऊ नये.

ती गोष्ट म्हणजे आवाज. सामान हलवण्यापूर्वी रिकाम्या वर्गाच्या मधोमध उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवावी आणि ती विरायला किती वेळ लागतो ते ऐकावे. उंच छत, गिलावा केलेल्या उघड्या भिंती आणि खाली कोटा फरशी अशा जुन्या खोलीत टाळी बराच वेळ घुमत राहते. पूर्वी वर्ग एका सुरात पाढे म्हणत असे, तेव्हा हे घुमणे उलट उपयोगी पडे. एकच आवाज सर्वांपर्यंत पोहोचे. खेळातून शिकणे म्हणजे मात्र तीस मुलांची दहा-बारा संभाषणे एकाच वेळी चालणे. घुमणाऱ्या खोलीत ती संभाषणे एकमेकांवर चढतात, मुले आवाज वाढवतात, त्यामुळे शेजारची मुले आणखी वाढवतात, आणि अर्ध्या तासात बाईंचा घसा बसतो.

याचा हिशोब अवघड नाही. खोलीचे घनफळ जितके जास्त तितका आवाज अधिक वेळ टिकतो, आणि आवाज शोषणारा पृष्ठभाग जितका जास्त तितका तो लवकर विरतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात आसनांच्या गाद्या ठेवून-काढून हेच मोजले होते. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि चार मीटर उंच अशा कोऱ्या भिंतींच्या वर्गात तीस मुले बसलेली असली, तरी आवाज विरायला सुमारे दोन सेकंद लागतात. एवढ्या आकाराच्या वर्गासाठी अमेरिकेच्या मानकात ०.६ सेकंदाची मर्यादा आहे. आपण तिथपर्यंत पोहोचणार नाही. पण भिंतींवर आणि छताखाली मिळून वीस चौरस मीटर कापसाच्या जाड गाद्या लावल्या, तर हा वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि तो फरक कानाला पहिल्याच दिवशी कळतो.

लहान मुलांच्या बाबतीत ही चैन नव्हे. मोठ्या माणसाला गोंगाटात न ऐकू आलेला शब्द संदर्भावरून ओळखता येतो. सहा वर्षांच्या मुलाला ते तितके जमत नाही. त्यात आपली मुले घरी मराठी आणि गल्लीत गुजराती बोलणारी. ‘ण’ आणि ‘न’ मधला फरक कानावर नीट पडलाच नाही, तर तो लिहिण्यात कुठून येणार?

आता उपाय. पिंजाऱ्याकडून दोन इंच जाडीच्या कापसाच्या गाद्या शिवून घ्याव्यात आणि भिंतीपासून दोन इंच अंतर सोडून, लाकडी पट्ट्यांवर टांगाव्यात. मागे हवा खेळल्याने ओल धरत नाही, आणि त्या पोकळीमुळे शोषणही वाढते. खोळी काढून धुता येतील अशा असाव्यात. विश्वामित्री नदीचे पाणी शिरते अशा भागातल्या शाळेने त्या जमिनीपासून तीन-चार फूट वर लावाव्यात. विजेच्या बोर्डाजवळ कापूस किंवा कापड मुळीच नको. सुरतेच्या शिकवणी वर्गाला २०१९मध्ये लागलेली आग विसरण्यासारखी नाही. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल लावण्याचा सल्ला कोणी ना कोणी देतोच. दोन्हींनी आवाज नाममात्र कमी होतो आणि दोन्ही पेट घेतात, म्हणून तो सल्ला ऐकून घ्यावा आणि सोडून द्यावा.

दोन वर्गांमधली भिंत छतापर्यंत पोहोचते का, हे मान वर करून पाहावे. आमच्याकडे ती प्लायवूडची होती आणि वर दोन हात मोकळी होती. पलीकडे चौथीची चाचणी चालू असताना आमच्याकडे ठोकळ्यांचे मनोरे कोसळत होते, त्यामुळे पहिली तक्रार पालकांकडून नव्हे, शेजारच्या वर्गातून आली. गाद्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो. पलीकडे जाणारा आवाज मात्र अडत नाही. ती फट वेगळी बुजवावी लागते, आणि ते काम सुतार-गवंड्याचे असल्याने सुट्टीच्या पहिल्या दिवशीच सुरू व्हायला हवे.

कोपऱ्यांची जागाही आवाजावरूनच ठरवावी, सजावटीवरून नव्हे. ठोकळे आणि वाद्ये शेजारच्या वर्गापासून दूरच्या बाजूला असावीत, वाचनाचा कोपरा त्यांच्या समोरच्या टोकाला असावा, आणि भातुकली व दुकान मध्ये असावे. ठोकळ्यांखाली जाड सतरंजी हवी. कोटा फरशीवर पडलेला सागवानी ठोकळा बंदुकीसारखा वाजतो.

ठोकळे सुताराकडे उरलेल्या सागवानी तुकड्यांतून होतात. जाडी, रुंदी आणि लांबीचे प्रमाण १:२:४ ठेवावे, म्हणजे दोन छोटे मिळून एक मोठा होतो आणि मुलांना अपूर्णांक हातातून कळतात. भोवरे आणि खुळखुळे बडोद्याजवळच्या संखेड्याच्या खरादी, म्हणजे लाकूड कातणाऱ्या, कारागिरांकडून घेतले, तर लाखेचे रंग टिकतात. कपाटे मुलांच्या छातीपर्यंत उंचीची आणि भिंतीला स्क्रूने बांधलेली असावीत. बाकी वस्तूंची यादी इथे देत नाही. ती जिथे तिथे मिळते.

जुनी बाके भंगारात देण्याआधी शाळेच्या टिकाऊ सामानाच्या (डेडस्टॉक) नोंदवहीत त्यांचे निर्लेखन करून, म्हणजे ती रीतसर कमी करून घ्यावीत, नाहीतर तपासणीला उत्तर देत बसावे लागेल. आम्ही ते केले नव्हते म्हणून बाके आवारातच पडून होती, आणि म्हणूनच ती परत आणता आली. पण या योगायोगाचा कुणी आदर्श घेऊ नये.

विश्वस्तांपैकी कोणी ‘खेळ म्हणजे वेळ वाया’ म्हणाले, तर त्यांच्यापुढे ऑक्टोबर २०२२चा पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ठेवावा. तीन ते आठ वयोगटात पहिली-दुसरी येतात आणि शिकवण्याची रीत म्हणून त्यात खेळच मांडला आहे. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या भावनगरच्या बालमंदिराची सुरुवात १९२०ची, हेही सांगता येईल. ताराबाई मोडक तिथेच त्यांच्याबरोबर काम करत होत्या, आणि मराठी माणसाला हे नाव पुरते.

वर्ग शांत करण्यासाठी ओरडू नये. एक लहान घंटी ठेवावी, आणि माँटेसोरींचा शांततेचा खेळ, म्हणजे अजिबात न हलता बारीक आवाज ऐकण्याचा खेळ, पहिल्या आठवड्यात रोज घ्यावा. आवरण्यासाठी तासाची शेवटची दहा मिनिटे राखावीत. पालकसभा याच वर्गात, सतरंजीवर घ्यावी. गाद्या लावून झाल्यावर पुन्हा टाळी वाजवून पाहावी. टाळी अजून घुमत असली, तर आणखी गाद्या शिवाव्यात, खेळणी नंतर. बाकांऐवजी बैठी डेस्के ठेवली, तर ती सरकताना वाजू नयेत म्हणून पायांना रबरी बुचे लावावीत, आणि लागतात त्याहून पन्नासेक जास्तच आणावीत, कारण ती हरवतात.