काळी शाई पेनात भरायच्या आधी एक थेंब पाणी

फाउंटन पेनच्या काळ्या शाया बाटलीत सगळ्या सारख्याच दिसतात, पण कागदावर एखादी करडी पडते, एखादी पानाच्या मागे फुटते आणि पाणी लागलं की काही तर अख्ख्या वाहून जातात. पेन भरून झाल्यावर हे कळण्यापेक्षा आधीच बघून घ्या:

१. पेन न भरता नुसती निब शाईत बुडवा आणि रोज ज्या वहीत लिहिता त्याच कागदावर चार-पाच ओळी लिहा. पहिली ओळ गडदच येणार कारण निबवर शाई जास्त असते, त्यामुळे रंग शेवटच्या ओळींवरून ठरवायचा.

२. पूर्ण वाळली की बोट फिरवून बघा, पान उलटून ठिपके आलेत का बघा.

३. एका शब्दावर पाण्याचा थेंब सोडा, मिनिटभराने टिपून घ्या. निळसर किंवा जांभळट डाग पसरला तर रोजच्या नोट्सना ती शाई मस्त, पेन धुवायलाही सोपी जाते. अक्षर जागचं हललं नाही तर फॉर्म, पाकिटावरचा पत्ता असल्या कामाला तीच ठेवा.

फक्त एक सांभाळा, प्लॅटिनम कार्बन ब्लॅक किंवा सेलर किवागुरोसारखी पिगमेंट शाई (पाण्यात न विरघळणारे बारीक रंगकण असलेली) भरली असेल तर पेन आठवडेच्या आठवडे तसंच पडू देऊ नका, आत वाळली की फीड (निबखालचा, शाई निबपर्यंत पोचवणारा भाग) चोक होतो आणि मग साफ करताना जाम त्रास होतो. आणि ड्रॉइंगची इंडिया इंक तर फाउंटन पेनात कधीच नको.