विमानाचं वजन दर वेळी वेगळंच

हिंगण्याच्या शेडमध्ये बांधत असलेल्या दोन सीटच्या विमानाचं वजन तिसऱ्यांदा केलं, तरी आकडा जुळेना. तीन चाकांखाली तीन काटे. बेरीज कधी ३१२ किलो, कधी ३०७. संशय काट्यांवर, म्हणून अदलाबदल केली. काटे ठीक निघाले. मग नजर गेली कूलरकडे! नागपूरचा मे महिना, कूलर बंद कोण करणार? पण झोत थेट पंखावर. बंद केला, दारं लावली. तरी थोडा फरक उरलाच. वजन पडलं की पुढच्या चाकांचे पाय फाकतात, टायर काट्याला आडवा रेटतो. टायरखाली मध्ये ग्रीस लावलेले दोन-दोन पत्रे सरकवले, ब्रेक सोडले. शेपूट स्टँडवर उचलून लेव्हल साधली, स्टँडचं वजन वजा केलं. तिन्ही वेळा ३०९. मी मात्र घामाने निथळत होतो.