रिले खरंच ऑनलाइन आहे का, हे कसं तपासायचं

स्काडावर (सबस्टेशन दुरून बघायच्या सिस्टिमवर) ब्रेकर क्लोज दिसतोय, करंट दिसतोय, म्हणून रिलेचं (फॉल्ट ओळखून ब्रेकर ट्रिप करणाऱ्या यंत्राचं) कम्युनिकेशन चालू आहे असं धरून चालू नका. लिंक तुटली तरी स्क्रीनवर शेवटची व्हॅल्यू तशीच राहू शकते, आणि फीडरचा लोड फारसा हलत नसेल तर शिफ्टभर कुणाच्या लक्षात पण येत नाही. इथे आयईसी ६१८५० (सबस्टेशनमधल्या कम्युनिकेशनचं स्टँडर्ड) वालं सबस्टेशन धरून सांगतोय, जिथे रिले इथरनेट स्विचवरून एचएमआय (ऑपरेटरची स्क्रीन) आणि गेटवेशी (लोड डिस्पॅच, म्हणजे ग्रिड सांभाळणाऱ्या केंद्राला डेटा पाठवणाऱ्या यंत्राशी) बोलतात.

सगळे आधी पिंग मारतात. मारा, पण तिथेच थांबू नका. रिप्लाय आला म्हणजे केबल, स्विच आणि आयपी ठीक, एवढंच. रिले एचएमआयला डेटा देतो तो प्रोटोकॉल, म्हणजे एमएमएस, वेगळं, ते पोर्ट १०२ वर चालतं, आणि कनेक्शन असूनही रिपोर्ट (रिलेने आपणहून बदल कळवायची सोय) एनेबल नसेल तर बदल कळतच नाहीत. म्हणून एचएमआयवर नुसता हिरवा ठिपका न बघता त्या रिलेचा शेवटचा डेटा किती वाजताचा आहे ते बघा आणि करंटचा आकडा पॅनेलवर जाऊन रिलेच्या डिस्प्लेशी जुळवा. रिपोर्टचा इंटिग्रिटी पिरियड शून्य ठेवलेला असेल तर तो लावून घ्या, मग काही बदललं नाही तरी ठरलेल्या वेळाने सगळ्या व्हॅल्यू परत येत राहतात.

गूजचं, म्हणजे रिले एकमेकांना थेट पाठवतात त्या झटपट संदेशांचं, प्रकरण वेगळंच आहे. गूज आयपीवर चालत नाही, थेट इथरनेट फ्रेम असते, त्यामुळे स्विचमध्ये व्हीलॅन (नेटवर्कचा आतला वेगळा केलेला भाग) चुकला की पिंग मस्त आणि गूज गायब असं होतं. हे पाठवणाऱ्या रिलेत कळणार नाही, घेणाऱ्या रिलेत बघायचं. प्रत्येक फ्रेममध्ये टाइम अलाउड टू लिव्ह असतो, तेवढ्यात पुढची फ्रेम आली नाही की घेणारा रिले सिग्नल गेला असं धरतो. आयईसी ६१८५० एडिशन २ च्या रिलेत एलजीओएस नोड (गूज नीट येतंय का ते सांगणारा) दिलेला असेल तर प्रत्येक सबस्क्रिप्शनचं स्टेटस त्यात मिळतं, ते अलार्म लिस्टमध्ये घ्याच, कारण एलबीबी (ब्रेकर उघडला नाही तर आजूबाजूचे ब्रेकर ट्रिप करणारं बॅकअप प्रोटेक्शन) किंवा इंटरलॉक गूजवर असेल तर हा अलार्म म्हणजे प्रोटेक्शनचाच अलार्म आहे. वायरशार्क (नेटवर्कवरच्या फ्रेम दाखवणारं सॉफ्टवेअर) लावलात तर काही बदल नसताना एसक्यू नंबर (तोच संदेश परत पाठवल्याचा आकडा) वाढत राहिला पाहिजे आणि एसटी नंबर (स्थिती बदलल्याचा आकडा) तसाच राहिला पाहिजे. एसटी नंबरच सारखा वाढतोय तर कुठला तरी सिग्नल चॅटर करतोय, म्हणजे सारखा चालू-बंद होतोय, तो शोधा.

पीआरपी नेटवर्क (एकच डेटा ए आणि बी अशा दोन लॅनवरून पाठवणारं) असेल तर जास्त सावध राहा. लॅन ए गेलं तरी बी वरून सगळं सुरळीत चालतं आणि म्हणूनच कुणी बघत नाही, मग बी गेलं की अख्खी बे (एका फीडरचा सगळा संच) एकदम गप्प. दोन्ही पोर्टचे अलार्म वेगवेगळे हवेत.

लाइन डिफरन्शिअलमध्ये (लाइनच्या दोन्ही टोकांचे करंट ताडून बघणाऱ्या प्रोटेक्शनमध्ये) चॅनल फेलचा अलार्म तर बघताच, पण एरर काउंट आणि चॅनल डिले पण नोंदवत जा. रिले जाण्यायेण्याचा एकूण वेळ मोजून त्याचा निम्मा धरतो, म्हणजे जायला २ आणि यायला ४ मिलिसेकंद लागत असतील तर १ मिलिसेकंदाची चूक होते. ५० हर्ट्झला ही १८ अंश झाली, आणि तेवढा खोटा डिफरन्शिअल करंट लोडवरच दिसायला लागतो. टेलिकॉमवाल्यांनी रूट बदलला की हे आधी तपासा, जीपीएसने सिंक केलेला रिले असेल तर गोष्ट वेगळी.

रिले पूर्ण मेला तर तो स्वतः नेटवर्कवर काही सांगू शकत नाही, म्हणून वॉचडॉग कॉन्टॅक्ट (रिले बंद पडला की बदलणारा) वायरने दुसऱ्या आयईडीला (रिलेसारख्या डिजिटल यंत्राला) किंवा अनन्सिएटरला (अलार्म दाखवणाऱ्या पॅनेलला) नेलेला पाहिजे. गेटवेवर पण बघा, रिलेची लिंक तुटल्यावर आयईसी १०४ प्रोटोकॉलवर लोड डिस्पॅचला जाणाऱ्या पॉइंटची क्वालिटी खराब होते का, का जुनीच व्हॅल्यू चांगली म्हणून जातेय.

आता हे सगळं खरं आहे का हे एकदा करून बघा. शिफ्ट इंचार्जची परवानगी घ्या, लोड डिस्पॅचला कळवा, त्या रिलेचं कुठलं गूज कोण वापरतंय ते आधी ड्रॉइंगवर बघा, आणि मग शटडाऊनमध्ये असलेल्या बेचाच पॅच कॉर्ड (रिलेची नेटवर्क केबल) काढा. घड्याळ लावून एचएमआयवर, घेणाऱ्या रिलेवर आणि डिस्पॅचच्या स्क्रीनवर किती सेकंदांनी कळलं ते लिहून ठेवा, परत जोडल्यावर मधले इव्हेंट बफरमधून मूळ टाइमस्टॅम्पसकट आले का तेही. जिथे अलार्मच आला नाही तो पॉइंट त्याच शटडाऊनमध्ये दुरुस्त करून परत कॉर्ड काढून बघा.