कूलर, घामोळ्या आणि बंद खिडकी

प्रसूती रजेच्या 26 आठवड्यांपैकी माझे मधले आठवडे नेमके नागपूरच्या मे महिन्यात आले. पारा 45 अंशांवर गेलेला असताना बाळाला ऊन बाधू नये, म्हणून आम्ही खोलीच्या सगळ्या खिडक्या गच्च लावून कूलर चालवत असू. तरीही दुपारी बाळ पाऊण तासात रडत उठे. मानेच्या वळ्यांत घामोळ्या आल्या होत्या आणि दुपट्याला हात लावला, तर ते दमट लागे. सासूबाईंच्या सांगण्यावरून पावडर लावून पाहिली, पण वळ्यांत तिचे गोळे झाले, म्हणून ती बंद केली.

चूक कूलरची नव्हती, आमची होती. ओल्या वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा आपल्यासोबत बाष्प आणते. तिला बाहेर पडायला वाट नसली, की दमटपणा खोलीतच साठतो आणि घाम वाळत नाही. मी कूलरसमोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवली, झोत पाळण्याऐवजी भिंतीकडे वळवला आणि अधूनमधून पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवला. बाळाच्या अंगावर सुती झबले आणि लंगोट, एवढेच. चौथ्या दिवशी घामोळ्या सुकू लागल्या आणि बाळ सलग दोन तास झोपले. मी मात्र सवयीने पाऊण तासातच जागी झाले.