जुना आणि नवा कॉम्प्युटर जोडताय? फाईल-प्रिंटर शेअरिंगमध्ये या चुका टाळा

घरात एक जुना एक्सपी किंवा विंडोज ७ वाला कॉम्प्युटर आणि एक नवीन विंडोज १० किंवा ११ चा लॅपटॉप असला की शेअरिंग पहिल्या फटक्यात जमलं असं क्वचितच होतं, आणि जमत नाही म्हटल्यावर बहुतेक जण फायरवॉल बंद, पासवर्ड बंद, दिसेल ते सेटिंग चालू असं करत सुटतात. मग कधीतरी चालतं, पण कशामुळे चाललं ते कळत नाही आणि घरातलं नेटवर्क सताड उघडं राहतं ते वेगळंच. अडलंय कुठे ते आधी शोधा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

नेटवर्कमध्ये दिसत नाही म्हणजे बंद आहे असं समजणं

ही सगळ्यात कॉमन चूक. नेटवर्कवर क्लिक केल्यावर जी कॉम्प्युटरची यादी येते ती जुन्या विंडोजमध्ये एका पद्धतीने बनते आणि नवीनमध्ये दुसऱ्याच, त्यामुळे नाव दिसलं नाही तरी शेअरिंग व्यवस्थित चालू असू शकतं. यादीच्या मागे लागू नका, जुन्या मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता, बघा आणि नवीन मशीनच्या अॅड्रेस बारमध्ये दोन उलट्या रेघा देऊन थेट टाका, म्हणजे \\१९२.१६८.१.५ असं काहीतरी. फोल्डर उघडले तर नेटवर्क ठीक आहे, प्रॉब्लेम फक्त नावाचा आहे, मग तोच शॉर्टकट करून ठेवा नाहीतर ड्राइव्ह मॅप करा (म्हणजे तो फोल्डर एका ड्राइव्हसारखा दिसेल असा जोडा), आणि राउटरमध्ये त्या मशीनला आयपी कायमचा नेमून द्या म्हणजे उद्या बदलणार नाही. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या मशीनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाहीये, तेव्हा शेअरिंगची सेटिंग्ज उघडूच नका, आधी केबल नाहीतर वायफाय बघा. आणि एक मशीन गेस्ट वायफायवर असेल तर दोघांना एकमेकांपर्यंत पोचताच येणार नाही, इंटरनेट दोन्हीकडे मस्त चालत असलं तरी.

नवीन मशीनवर ते नेटवर्क पब्लिक म्हणून सेट आहे का तेही बघा. पब्लिक असलं की विंडोज स्वतःला लपवतं, घरच्या नेटवर्कला प्रायव्हेट करायचं. होमग्रुप, म्हणजे घरातल्या शेअरिंगची विंडोजची जुनी सोय, शोधत बसू नका, विंडोज १० मधून २०१८ च्या अपडेटमध्येच तो काढून टाकलाय.

पासवर्डच्या जागी पिन टाकणं

लॅपटॉप रोज चार आकडी पिनने उघडतो, म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर युजरनेम-पासवर्ड विचारला की लोक तोच पिन टाकतात आणि चुकीचा पासवर्ड म्हणून परत येतं. पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर त्याचा खरा पासवर्ड लागतो, पण माझं म्हणणं असं की त्या भानगडीत पडूच नका, ज्या मशीनवर फोल्डर आहे तिथे शेअरिंगसाठी एक वेगळं लोकल अकाउंट काढा, साधं नाव आणि नीट पासवर्ड देऊन, आणि दुसऱ्या मशीनवर तेच टाका. पासवर्ड रिकामा ठेवला तर चालणार नाही, रिकाम्या पासवर्डच्या अकाउंटला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. काही जण यावर पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंगच बंद करतात, तो उपायही आता टिकत नाही कारण विंडोज ११ प्रो च्या २४एच२ आवृत्तीमध्ये बिनपासवर्डचे गेस्ट शेअर उघडायलाच नकार मिळतो. आधी एकदा चुकीचा पासवर्ड सेव्ह केला असेल तर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) जाऊन तो उडवा, नाहीतर विंडोज तोच परत परत पाठवत राहतं.

एसएमबी १ सरसकट चालू करून टाकणं

एक्सपी असेल तरच हा विषय येतो. फाईल शेअरिंगची जी भाषा आहे ती एसएमबी, आणि एक्सपीला तिची फक्त पहिली आवृत्ती येते. व्हिस्टापासून पुढे दुसरी आली, त्यामुळे विंडोज ७ आणि विंडोज ११ मध्ये एसएमबी १ ची काहीही गरज नाही, तरी कुठेतरी वाचून लोक तेही चालू करतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच एसएमबी १ मधल्या भगदाडातून, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने ते विंडोजमधून काढायला घेतलं.

एक्सपीमधल्या फाईल एकदाच काढायच्या असतील तर सरळ पेन ड्राइव्ह घ्या, खरंच सांगतोय. रोजचं काम असेल तर फोल्डर एक्सपीवर शेअर करा आणि नवीन मशीनवर विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १ चा फक्त क्लायंट टिक करा, सर्व्हर नको. म्हणजे नवीन मशीन जुन्याकडे जाऊन वाचेल पण स्वतःचं जुनं दार उघडणार नाही. तिथेच ऑटोमॅटिक रिमूव्हल नावाची एक टिक असते, ती राहिली तर १५ दिवस वापर झाला नाही की विंडोज एसएमबी १ आपोआप काढून टाकतं, आणि मग परवापर्यंत चालत होतं आज काय झालं म्हणून डोकं खाजवत बसायची वेळ येते. एक्सपी घरातून गेला की क्लायंटची टिकही काढा. आणि एक्सपीला इंटरनेट देऊ नका, २०१४ पासून त्याचा सपोर्ट बंद आहे.

फायरवॉलचं थोडक्यात, पूर्ण बंद करायची गरज नसते, फाईल अँड प्रिंटर शेअरिंगला प्रायव्हेटमध्ये परवानगी दिली की पुरतं. वेगळा अँटीव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असते, तिथेही बघा.

फोल्डर दिसतो पण उघडत नाही, किंवा उघडतो पण सेव्ह होत नाही, तर परमिशन दोन ठिकाणी असतात, एक शेअरिंगची आणि एक सिक्युरिटी टॅबमधली. दोन्हीपैकी जी कडक असेल ती लागू होते, त्यामुळे शेअरिंगमध्ये सगळ्यांना फुल कंट्रोल देऊनही काही होत नाही. सिक्युरिटीमध्ये ते लोकल अकाउंट जोडा.

प्रिंटरला फाईलसारखंच समजणं

फोल्डर उघडला म्हणजे प्रिंटरही चालेल असं नाही, कारण प्रिंटरला ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, लागतो. जुन्या मशीनचं विंडोज ३२ बिट प्रकारचं आणि नवीनचं ६४ बिट असेल तर जुन्याकडचा ड्रायव्हर नवीनला चालत नाही. नवीन मशीनवर त्या प्रिंटरचा ६४ बिट ड्रायव्हर आधी स्वतंत्र टाकून घ्या, मग अॅड प्रिंटरमध्ये लोकल प्रिंटर निवडा, नवीन लोकल पोर्ट बनवा आणि पोर्टच्या नावात कॉम्प्युटरचं नाव आणि प्रिंटरचं शेअर नाव द्या. शेअर नाव छोटं आणि बिनस्पेसचं ठेवा. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर ११बी ने संपणारा जो एरर यायला लागला, त्यातही बहुतेक वेळा याच पद्धतीने काम होतं. त्या एररसाठी अपडेट काढून टाका किंवा रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या यादीत) शून्य करा असे सल्ले सर्रास मिळतात, पण ते अपडेट प्रिंटिंगमधली सिक्युरिटीची भोकं बुजवायला आलं होतं, ते काढू नका, आधी दोन्ही मशीन अपडेट करून बघा.

कंपनीने ६४ बिट ड्रायव्हर काढलाच नसेल तर फार झटू नका. नवीन मशीनवर पीडीएफ बनवा, शेअर फोल्डरमध्ये टाका आणि जुन्या मशीनवरून प्रिंट काढा. आणि प्रिंटरला लॅन पोर्ट किंवा वायफाय असेल तर शेअरिंग कशाला हवं, तो थेट राउटरला जोडा आणि प्रत्येक मशीनवर टीसीपी आयपी पोर्ट बनवून त्याच्या आयपीने लावा, एक्सपीवरही हे चालतं, आणि प्रिंटसाठी दुसरा कॉम्प्युटर चालू ठेवायची गरज उरत नाही.