बेडकाच्या रंगावर सेमिनार आहे, तर आधी हे करून ठेव

शनिवारी सेमिनार, म्हणजे बुधवारपर्यंत पहिली स्लाइड ठरायला हवी. सुरुवात पीओएमसीच्या (ज्या मोठ्या प्रथिनातून कातडी काळी करणारं हार्मोन कापून निघतं, त्याच्या) लांबलचक नावाने करू नकोस. मागच्या वर्षी मी केली आणि मागचे दोन बाक लगेच मोबाइलमध्ये गेले. काळ्या टबातला झेनोपस (आफ्रिकेतला बेडूक) आणि पांढऱ्या टबातला झेनोपस, एवढी दोनच चित्रं शेजारी-शेजारी लाव. एक काळाकुट्ट, एक फिका.

पुढची साखळी फळ्यावर हाताने काढ: डोळा, मेंदू, पिट्युटरीचा (मेंदूखालच्या ग्रंथीचा) मधला खंड, कातडी. खाली पांढरं दिसलं की मेंदूतून आलेले चेतातंतू डोपामिन, गाबा आणि एनपीवाय ही रसायनं सोडून मधल्या खंडातल्या मेलॅनोट्रोप पेशींना दाबून धरतात. काळ्यावर हा दाब सुटतो, या पेशींतलं अल्फा-एमएसएच हे हार्मोन रक्तात उतरतं आणि कातडीतले रंगद्रव्याचे कण पसरतात. घरी तीन-चारदा काढून बघ, कारण 'दाबणारा' बाण उभं राहिल्यावर हमखास चुकतो.

निम्मा वेळ पीओएमसीच्या जनुकाला राख, कारण विषय तोच आहे. साठवलेलं हार्मोन सुटतं लगेच, पण जनुकाचं काम वाढायला दिवस लागतात. काही आठवडे काळ्यावर राहिलेल्या झेनोपसच्या मधल्या खंडात पीओएमसीचा एमआरएनए (जनुकाची कामाची प्रत) पांढऱ्यावरच्यापेक्षा जवळजवळ 30 पट भरतो. सोबत पीसी2 या पीओएमसी कापणाऱ्या विकराचाही वाढतो. हा आलेख मोठा छाप.

सर एक प्रश्न विचारणारच: पीओएमसी पुढच्या खंडातही चालू असतं, मग तिथे अल्फा-एमएसएच न होता एसीटीएच (अ‍ॅड्रिनल ग्रंथीला चालना देणारं हार्मोन) का? उत्तर पाठ नको, समजून घे. पुढच्या खंडात कापणी एसीटीएचपाशी थांबते, मधल्यात पीसी2 ते आणखी कापतं, त्यातून अल्फा-एमएसएच निघतं. झेनोपस लेविसची गुणसूत्रं 36 आणि पीओएमसीची जनुकं दोन, एवढं जिभेवर असू दे. 1916 मधले पिट्युटरी काढलेले फिके टॅडपोल एका वाक्यात उरक.

पावसात लाइट जातेच, म्हणून पोवई नाक्यावरून प्रिंट काढून आण. यवतेश्वरच्या घाटातला बेडूक बाटलीत घालून आणू असं कुणीतरी म्हणेल. साफ नाही म्हण. शिवाय आपले आकडे आफ्रिकेतल्या बेडकाचे आहेत. रंगीत खडू प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवलेत, किल्ली शिपाईमामांकडे आहे.